दादाची झोप

देवमनदादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा मी तीन वर्षांची होते. दादा शाळा सोडून मंगरूळपीरच्या बाजारात एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला बसला. पुढे त्याने स्वतःची मशीन घेतली, दौलतसिंगांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मांडली आणि त्या एका मशीनवर आई, मी आणि विमलवहिनी, सगळ्यांना पोसलं. मी नर्स झाले ती त्याच्यामुळे. अकोल्याला ट्रेनिंगला निघाले तेव्हा माझे दोन पांढरे गणवेश त्याने स्वतः शिवले आणि वस्तीत घरोघरी नेऊन दाखवले. पुढे माझं लग्न दोन वर्षांत मोडलं. तेव्हा तो माझ्या सासरच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "चाल बाई, घरी चाल." कारण त्याने कधीच विचारलं नाही.

हे आधी सांगते, कारण मी जे केलं ते या माणसाला केलं.

दादा घोरायचा. अंगाने तो आधीपासूनच जाड होता, चाळिशीनंतर मान आणि खांदे एकच झाले होते. स्वतःच्या सदऱ्याचा गळा तो दरवर्षी अर्धा इंच वाढवून बेतायचा आणि तरी वरचं बटण लावायचा नाही. त्याचं घोरणं रस्त्यावर ऐकू जायचं. शेजारचा जगदेव म्हणायचा, "देवमनभाऊच्या घरी कापसाची जिनिंग चालू झाली, चाला, झोपा आता." दादाही हसायचा. दिवसा मात्र त्याला कुठेही डुलकी लागायची. जेवताना हातात घास धरून, विहारात वंदना चालू असताना, गिऱ्हाइकाचं माप घेता घेतासुद्धा. लोक त्याला झोपाळू म्हणत. मी आळशी म्हणायचे, मनातल्या मनात.

आमचं घर दोन खोल्यांचं. मधे टिनाचा पडदा. दवाखान्यात माझी ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि त्या टिनाला माझी खाट लागून होती. १९७६ सालच्या हिवाळ्यात विमलवहिनीची आई मेडशीला पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वहिनीला जावं लागलं. वहिनी अंगठेबहाद्दर, पण त्या घरात सगळ्यांच्या खाण्यापिण्याचं, दुखण्याखुपण्याचं तिलाच ठाऊक असायचं. तिला मूलबाळ झालं नाही. सोळाव्या वर्षी या घरात आली तेव्हापासून मलाच तिने लेकरासारखं वाढवलं.

निघताना पिशवी खांद्याला लावून ती माझ्याजवळ आली.

"अंजे, एक सांगतो. हे झोपले का राती यायचा श्वास थांबते."

"काय थांबते?"

"श्वास. घोरता घोरता एकदम बंद. पोट हालते, छाती हालते, पण नाकातून हवाच नाही. मंग मी यायले कुशीवर लोटतो. का एकदम धसकून श्वास घेतेत. उताणं झोपू देऊ नको. दोन-चारदा उठून पाहत जाजो."

मला हसू आलं. आता आठवलं की माझेच मला कान उपटावेसे वाटतात, पण तेव्हा हसूच आलं.

"वयनी, कोणाचा श्वास थांबते का झोपेत? थांबला असता तं माणूस वाचते का? घोरून राह्यला तो, अजून काय."

"तू शिकेल हायेस बाई. मी आपलं वीस वर्षं पाह्यलं ते सांगतलं."

"बरं, पाहीन मी," मी म्हणाले.

पहिल्या रात्री मी उठले. दिवा लावून पाहिलं तर दादा उताणा, तोंड उघडं, घरघर चालू. दोन मिनिटं उभी राहिले आणि थंडी वाजली म्हणून परत गेले. दुसऱ्या रात्री उठले नाही. तिसऱ्या रात्री कानात कापूस घातला, तरी झोप येईना. वहिनी होती तेव्हा ती त्याला कुशीवर लोटायची, त्यामुळे आवाज मधे मधे कमी व्हायचा, हे मला ती गेल्यावर कळलं. आता रात्रभर सरळ चालायचं. त्या महिन्यात माझी दिवसपाळीच होती, मी सकाळी ड्युटीवर जायची ती डोळे चोळतच. एका बाईला इंजेक्शन देताना माझा हात चुकला आणि डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले.

त्याच संध्याकाळी दादा म्हणाला, "अंजे, डोकं लय दुखते वं सकाळी. झोप झाल्यासारखी वाटतच नाही."

आई आदल्या वर्षी वारली होती. तिच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्यांची तपकिरी बाटली अजून फळीवर होती. अर्धीअधिक भरलेली. मी बाटली उचलली आणि मनाशी नीट हिशेब मांडला: रात्री याची झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा डुलक्या येतात. रात्री गाढ झोपला तर दिवसा ताजातवाना राहील. कोणालाही पटेल असा हिशेब. तो चुकीचा होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं. पण गोळी त्याच्या हातावर ठेवताना मी विचार माझाच करत होते. तो गाढ झोपला तर कदाचित आवाज कमी होईल, आणि मला झोप लागेल.

"हे काय?" दादाने विचारलं.

"ताकदीची गोळी. राती घेत जाय."

झोपेची म्हटलं असतं तर त्याने घेतली नसती. मला झोप कायले कमी हाये, म्हणाला असता. म्हणून खोटं बोलले. त्याने पाण्याबरोबर गिळली. माझ्या हातून त्याने काहीही गिळलं असतं.

त्या रात्री आवाज खरंच बदलला. घोरणं चालू होतं, पण मधे मधे लांब शांतता यायची. ती शांतता मला इतकी गोड वाटली की मी तिच्यात झोपून गेले. त्या शांततेत काय चाललं होतं हे वहिनीने मला शब्दांत सांगून ठेवलं होतं. मी कान दिला नाही.

बावीस रात्री मी त्याला गोळी दिली.

दादा दिवसा ताजातवाना झाला नाही. उलट आणखी गळून गेला. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, ओठ सकाळी काळसर. पंधराव्या-सोळाव्या दिवशी दौलतसिंगांनी दवाखान्यात निरोप पाठवला. मी धावत गेले. दादा मशीनवर बसल्या बसल्या झोपला होता, पाय मात्र पायट्यावर चालूच होता, आणि सुई डाव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती. ओट्यासमोर माणसं जमली होती, दोघं-तिघं हसत होते.

"एवढं दुखलं, तरी जाग नाही आली त्याईले लवकर," दौलतसिंग म्हणाले. ते हसत नव्हते. "अंजनाबाई, एकदा यायले मोठ्या डाक्टरले दाखवा. हे साधी झोप नोहे."

मी बोट धुतलं, पट्टी बांधली. दादाचं बीपी घेतलं तर वरचं एकशे ऐंशी. मी त्याला दटावलं, मीठ कमी खा, तेलकट खाऊ नको. रात्री गोळी दिली.

तेविसाव्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास टिनावर हात आपटल्याचा आवाज आला. मी उठून गेले. दादा खाटेवर बसला होता, अंग घामाने निथळत होतं, आणि उजवी मूठ छातीवर घट्ट धरली होती. "अंजे," तो म्हणाला, "छातीवर कोणी बसून राह्यलं वं."

जगदेवने कुठूनशी जीप मिळवली. आमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि तिथूनच आम्ही अकोल्याला निघालो. सगळा रस्ता दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी नाडी धरून होते आणि मनात एकच चाललं होतं, ती बाटली फळीवरून काढून कुठे टाकावी.

अकोल्याच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात हृदयाची पट्टी, ई.सी.जी., काढली. हृदयाला रक्त नेणारी नळी बंद पडून झटका आला होता. "बेचाळीस वर्षं," मोठे डॉक्टर म्हणाले, "तंबाखू नाही, दारू नाही, साखर नाही. मग एवढ्या लवकर कशाने?" ते म्हातारे होते, सावकाश बोलत आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत थांबत. दुपारी वहिनी मेडशीहून एस.टी.ने आली. डॉक्टरांनी तिला विचारलं, याआधी काही तकलीफ होती का. तिने मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत त्यांना सांगितलं. पोट हालते, छाती हालते, पण हवा नाही.

मला वाटलं डॉक्टरही हसतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"किती वेळ थांबतो?"

"शंभर मोजावं इतका नाही. पण पन्नास तं होतेत."

"रात्रीतून किती वेळा?"

"मोजलं नाही साहेब. मले दोन घटकेची झोप कधी लागली नाही, एवढं सांगतो."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही नर्स आहात ना? ह्यांना झोपेचं काही औषध चालू होतं?"

"नाही," मी म्हणाले.

वहिनी माझ्या शेजारी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण संशय घ्यावा असं तिच्या मनातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला डोळा लागला. वहिनी पाणी आणायला खाली गेली होती. मी त्याच्या खाटेशी बसले होते. घोरणं सुरू झालं, वाढत गेलं आणि एकदम थांबलं. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पोट वर-खाली होत होतं, छाती ओढल्यासारखी आत जात होती, पण नाकाशी हात धरला तर काहीच नाही. दहा सेकंद, वीस, तीस. नखं निळसर व्हायला लागली. अडतिसाव्या सेकंदाला त्याचं अख्खं अंग दचकलं आणि त्याने बुडत्या माणसासारखा श्वास ओढला. पुन्हा घोरणं. पुन्हा बंद. अर्ध्या तासात मी हे बावीस-तेवीस वेळा पाहिलं. मला ट्रेनिंगमध्ये नाडी मोजायला, श्वास मोजायला शिकवलं होतं. माझ्याच घरात, टिनाच्या पलीकडे, माझ्या भावाचा श्वास मी एकदाही मोजला नव्हता.

आणि दर वेळी जे दचकून जागं होणं त्याला वाचवत होतं, तेच मी गोळी देऊन मारत होते. हे मला तेव्हा, त्या स्टुलावर बसून कळलं.

संध्याकाळी ड्युटीवरची सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन आली. झटक्याच्या पेशंटला रात्री शांत झोप लागावी म्हणून तेव्हा सगळीकडेच एक गोळी द्यायचे. तिने ती दादाच्या हातावर ठेवली. मी ओळखली.

"सिस्टर, हे देऊ नका."

"वॉर्डाची कायमची ऑर्डर आहे. सगळ्याच हार्ट पेशंटला असते."

"त्याले देऊ नका. डॉक्टरांना बोलवा."

"काहून वं अंजे?" वहिनी म्हणाली. "झोपू दे ना त्यायले जरा."

मला वाटलं, काहीतरी दुसरं कारण सांगावं. ॲलर्जी म्हणावं, काहीही म्हणावं. दादाने गोळी तोंडाजवळ नेली होती. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"हेच गोळी मी त्याले घरी देत होती," मी म्हणाले. "बावीस दिवस. ताकदीची म्हणून."

सिस्टर ट्रे तसाच ठेवून डॉक्टरांना बोलवायला गेली. वहिनी उभी होती ती हळूच खाटेच्या कडेवर बसली.

"मी तुले सांगतलं होतं ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "जाताना सांगतलं होतं."

"हो वयनी."

"तू हासली होती."

"हो."

डॉक्टर आले. गोळी कोणती, किती, कोणत्या वेळी, सगळं विचारून कागदावर लिहिलं. रागावले नाहीत. कालच्या माझ्या खोट्याबद्दलही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी दादाचं डोकं उंच करायला सांगितलं, कुशीवर निजवायला सांगितलं, झोपेचं सगळं औषध बंद केलं. मग मला बाहेर व्हरांड्यात नेऊन समजावलं. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो, विशेषतः जाड मानेच्या माणसांचा. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो, बीपी चढतं, हृदयाला झटापट करावी लागते, आणि हे दर रात्री शेकडो वेळा, वर्षानुवर्षं. "परदेशात आता कुठे याच्यावर लिहायला लागलेत," ते म्हणाले. "हृदयाच्या नळ्या खराब व्हायला हे कारण असावं असं मला वाटतं. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही."

"आणि गोळी?"

"गोळीनं घसा आणखी सैल पडतो, जाग उशिरा येते."

"म्हणजे झटका माह्याच्यानं आला."

"नळी बावीस दिवसांत बंद होत नाही, बाई. ती कित्येक वर्षं भरत आली असेल. पण गोळी दिली नसती तर त्या पहाटे झटका आला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

पुढे खूप वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या सुमारास, त्यांचं म्हणणं खरं ठरल्याचं एका शिबिरात ऐकलं. झोपेत श्वास अडणाऱ्यांना हृदयाच्या नळ्यांचा आजार जास्त होतो, असं तिथले डॉक्टर फळ्यावर आकृती काढून सांगत होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या आकृतीतही नव्हतं.

दादाशी मी आठ दिवसांनी बोलले. घरी न्यायची परवानगी मिळाली त्या सकाळी. त्याने सगळं ऐकलं होतंच.

"तू तं मह्या चांगल्यासाठीच देल्ली ना," तो म्हणाला.

ते तसंच सोडून देता आलं असतं. "नाही दादा," मी म्हणाले. "मले झोप पाह्यजे होती. तुह्या आवाजानं झोप लागत नव्हती मले."

त्याने खाटेखालची पिशवी ओढली. मग म्हणाला, "तुले बी झोप पाह्यजेच ना बाई. दिवसभर उभी राह्यतेस तू." आणि पिशवीत सामान भरायला लागला.

त्याने माफ केलं, की त्यात माफ करण्यासारखं त्याला काही दिसलंच नाही, मला कळलं नाही. माझं ओझं त्याने हलकं झालं नाही.

वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलायची. चहा घे, भाकर झाली, दार लाव. तिने दादाचं खाणं निम्म्यावर आणलं, त्याच्या बंडीला पाठीवर खिसा शिवून त्यात लाकडी गोटी घातली म्हणजे तो उताणा होणार नाही, आणि रात्री पूर्वीसारखीच जागायला लागली. मी पलीकडून ऐकायची. आता मला कापूस लागत नव्हता. मीही जागीच असायची, पण जायची हिंमत व्हायची नाही. महिना-दीड महिना असा गेला. मग एका रात्री ती टिनाच्या अलीकडे माझ्या खाटेशी आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मह्यानं आता होत नाही," ती म्हणाली. "दोन वाजले. सकाळपर्यंत तू बैस. पन्नासच्या वर जाऊ देऊ नको."

एवढंच. मी जाऊन बसले. तेव्हापासून आम्ही रात्र वाटून घेतली. माझी रात्रपाळी असली की सगळी रात्र तिची, मी सकाळी येऊन तिला झोपायला पाठवायची. दादा वीस-बावीस किलोने उतरला, सकाळची डोकेदुखी गेली, मशीनवर अर्धा दिवस बसायला लागला. सव्वादोन वर्षं आम्ही त्याला असं राखलं.

१९७९ च्या फाल्गुनात तो गेला. दुपारी बारा वाजता, जागा असताना, दौलतसिंगांशी बोलता बोलता. दुसरा झटका. मी ड्युटीवर होते, वहिनी घरी भाकरी करत होती. दोघींपैकी कोणाच्याच पाळीवर नाही.

जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, त्या संध्याकाळी वहिनी खाटेवर टेकली ती तशीच झोपली. मी लुगडं पायांवर नीट केलं. रात्र झाली, तिने कूस बदलली नाही. सकाळ झाली. शेजारच्या बाया भेटायला आल्या, त्यांना मी दारातूनच हाताने खुणावून परत पाठवलं. जगदेव आला, त्यालाही सांगितलं, नंतर ये. उन्हं अंगणात आली. मी दारात बसून तिचा श्वास ऐकत होते. सरळ, एकसारखा.

दहाच्या सुमाराला ती उठली. आजूबाजूला पाहिलं, रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे.

"किती वाजले?"

"दहा."

"रातभर झोपली मी?"

"हो वयनी."

तिने तोंडाला पदर लावला. एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती. आता हुंदक्यांनी तिचं अंग हलायला लागलं.

"मले झोप कशी लागली वं, अंजे?" ती म्हणाली. "ते गेले अन् मले अशी झोप कशी लागली?"

मी उठून तिच्याजवळ गेले, आणि तिने मला जवळ येऊ दिलं.